इस्त्रीवाली उठते कशी

४ फेब्रुवारी

चि. बारक्या यास,
अ. उ. आ.

आपण पाच मिनिटांत भांडायला लागतो, हे तू दवाखान्यात होतास तेव्हा व्हरांड्यात साऱ्या जगानं पाहिलं, आणि फोनवरही तेच. म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. उत्तर टाळू नकोस. उताणं पडून पेन चालत नाही ही सबब तू सांगणार हे ठाऊक होतं, म्हणून तर माझ्या लॉन्ड्रीतली पेन्सिल तुझ्या उशाशी ठेवून आले.

काल तुझ्या बायकोशी बोलले. ती म्हणाली, डॉक्टरांच्या मते हाडं जुळली, आता उठून चालायला काही हरकत नाही. पण तू भिंतीकडे तोंड करून पडलेला असतोस. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येतात आणि हात हलवत परत जातात. मी उपदेश करणार नाही, घाबरू नकोस. उपदेश करून माझी जीभ झिजली आणि तुझे कान आहेत तसेच आहेत.

पण ती आणखी एक बोलली. तू तुझी कुस्तीही सोडलीस म्हणे. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून आलास की तू कॉम्प्युटरवर त्या ऑनलाइन आखाड्यात जायचास. खोट्या पैलवानाचं सोंग घेऊन लिहायचास, आणि कुठले कुठले लोक तुझ्याशी लिहून लिहूनच कुस्ती करायचे. आम्ही सगळे हसायचो. मी सगळ्यांत जास्त. तू तेही सोडलंस म्हटल्यावर मात्र मला हसू येईना.

तेव्हा ऐक. त्या आखाड्यात मी नाव घातलंय. माझ्या पैलवानिणीचं नाव इस्त्रीवाली. हॉटेलांच्या ओल्या चादरी उचलून उचलून तिचे दंड असे झालेत की बघत राहावं. धोबीपछाड तर आमच्या धंद्याचाच डाव. आणि शेवटी समोरच्याची चौपदरी घडी घालून त्याला फडताळात ठेवायचा बेत आहे. पहिली कुस्ती काळा गेंडा नावाच्या कुणाशी तरी लागली आहे. बाकी मला ओ की ठो कळत नाही. आव्हान लिहून टाकलंय, ते वाच आणि काय चुकलं ते कळव.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साष्टांग नमस्कार उताणाच घातलाय, चालवून घे. पेन्सिलही तुझीच आहे.

ही नसती उठाठेव तुला सांगितली कुणी? तुझं आव्हान वाचलं. अगं बाई, श्री. काळा गेंडा यांस सा. न. वि. वि. अशी सुरुवात? मग त्याच्या प्रकृतीची चौकशी, मग आमच्याकडे सर्व ठीक, आणि शेवटी रविवारी आपणांस आपटण्याचे योजिले आहे तरी सवडीने यावे, लोभ असावा! आव्हान म्हणजे डरकाळी. वाचून समोरच्याची पाचावर धारण बसली पाहिजे. तुझं वाचून तो फळं घेऊन भेटायला आला असता. मला हसू आलं, हसताना पाठीत कळ आली, आणि मला काही झालं असं वाटून बायको हातातलं टाकून धावत आली.

आता शिरलीच आहेस तर नीट शीक. इथं कुणी कुणाला हात लावत नाही, सगळं लिहिण्यावर. तू तुझा डाव लिहायचास, मग त्यानं त्याचा. पंच दोघांचं वाचतात आणि ज्याचं जास्त खरं वाटलं तो जिंकतो. सगळ्यांत मोठा नियम हा, की आपण फक्त आपल्या पैलवानाचं लिहायचं. तू मुठीनं मारलंस एवढंच तू लिही. त्याला लागलं की त्यानं चुकवलं, ते त्याचं तो लिहील. तुला हे अवघड जाणार आहे, कारण जन्मापासून तू आमचे सगळ्यांचे डाव खेळत आलीस.

पेन्सिलीचं टोक मोडलंय, तेव्हा पुरे.

तुझा आडवा भाऊ,
बारक्या


१६ फेब्रुवारी

चि. बारक्या यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा चूक होऊन गेली होती. मी लिहिलं होतं, की गेंडा पडला, त्यानं माफी मागितली आणि तो आपल्या घरी गेला. पंचांनी सगळ्यांसमोर ताकीद दिली. अशी खरडपट्टी शाळेतही निघाली नव्हती.

गेंड्याला मात्र माझं पत्र आवडलं. त्यानं लिहिलं, इतकी वर्षं इथं मार खातोय पण तब्येत कुणी विचारली नाही, गुडघा दुखतो आहे खरा. एवढं लिहून त्यानं मला डोक्यावर उचललं आणि पाठीवर आपटलं, आणि ते चुकवायचं मला सुचलंच नाही. माणूस सरळ आहे.

आता पंचाईत अशी, की इस्त्रीवाली उताणी पडली आहे, पंच आकडे मोजायला लागलेत, आणि तिला उठवायची मला. मी लिहिलं, ती उठली. पंचांनी ते परत पाठवलं. म्हणाले, एवढ्या जोरात पाठीवर आपटलेली बाई दोन शब्दांत उठत नाही, कशी उठली ते लिहा, तोवर मोजणी थांबवतो. मी लॉन्ड्रीत दोन मशिनांच्या मधे फरशीवर पडून पाहिलं. इस्त्रीच्या टेबलावरचे काका पाण्याचा पेला घेऊन धावत आले. पण माझी पाठ धड आहे रे, मी उठून बसते आणि लिहायला काही मिळतच नाही. पाठीवर पडलेल्या माणसाचं दुखणं पडलेल्या माणसालाच माहीत. म्हणून विचारते, तिनं आधी काय हलवावं?

वाट पाहणारी,
ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी दूधखुळा नाही. तुझा डाव पहिल्याच पत्रात कळला होता. म्हटलं चालू दे, तेवढीच करमणूक. पण आता हे माझ्या अंगाशी येतंय.

एकदाच लिहितो, परत विचारू नकोस. त्या दिवशी लिफ्टच्या बोगद्यात नेहमीच्या फळीवर पाय टाकला आणि फळी तिथं नव्हती. पडल्यावर संध्याकाळपर्यंत मला पाय आहेत की नाहीत तेच कळत नव्हतं. नंतर जाण आली, डॉक्टर म्हणतात पूर्ण आली. पण पलंगावरून पाय खाली सोडला की मला वाटतं, खाली जमीन नाही. मला भीती वाटते, ताई. उभा राहिलो आणि पाय टिकले नाहीत, तर मग पुढं काय उरलं? पडून आहे तोवर निदान कळत तरी नाही. बायकोला यातलं काही बोललेलो नाही. तूही बोलू नकोस.

इस्त्रीवालीला पडलेलीच राहू दे. हरली तर काही आभाळ कोसळत नाही.

बारक्या


२६ फेब्रुवारी

चि. बारक्या यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र चादरींच्या ढिगामागे उभी राहून वाचलं. तुझ्या बायकोला काही बोलले नाही, बोलणारही नाही.

खोटं कशाला बोलू? सुरुवात तुझ्यासाठीच केली होती. पण आता ती इस्त्रीवाली माझीही झाली आहे रे. मशिनी फिरत असतात आणि माझ्या डोक्यात ती पडलेली असते. वर दिवे, लोक बघतायत, आणि खाली जमीन आहे की नाही तेच तिला कळत नाही. तुझ्या पत्राआधी मला वाटायचं, तिला नुसती पाठ दुखत असेल. भीती वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गेंड्यानं लिहिलंय, पडलेल्या बाईला मी हात लावणार नाही, कोपऱ्यात बसून पाणी पितो. तो तसाच बसला आहे. ती उठली असं खोटं मी लिहिणार नाही. तू काय करावंस तेही लिहिणार नाही, कारण आपल्या पैलवानाचंच लिहायचं हा नियम आता मला समजला. ताकीद मिळून समजला, पण समजला.

तू आडवा असलास तरी माझाच आहेस. तेवढं लक्षात ठेव.

ताई


५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लिही.

आधी तिला आखाड्याच्या काठाशी पडलेली दाखव, म्हणजे पाय खाली सोडता येतील. डोकं आधी उचलायचं नाही. सगळे तिथंच चुकतात आणि कळ येऊन परत आडवे होतात. दोन्ही गुडघे वर घ्यायचे, मग फळी वळवावी तसं सगळं अंग एकदम कुशीवर. खांदा पुढं आणि कंबर मागं असं चालत नाही. कोपर रोवायचं, पाय काठावरून खाली सोडायचे, त्यांच्या वजनानं अंग आपोआप वर येतं. हे व्यायामाच्या बाईंनी दहादा सांगितलं होतं म्हणे, मी ऐकलं नव्हतं.

पहिल्या खेपेला ती बसेल आणि परत आडवी होईल. होऊ दे. दुसऱ्यांदा बसली की डोळ्यांपुढं अंधारी येईल, तेव्हा घाई करू नये, श्वास मोजावा. तळपाय जमिनीला लागतात तेव्हा जमीन गार असते. हे नक्की लिही, त्या गारव्यानंच खात्री पटते. खाली बघू नये. समोर खिडकीची कडी असेल तिच्याकडे बघावं. मग टेबलाची कड धरून, आखाड्याची दोरी धरून म्हणायचंय मला, एकदाच जोर लावायचा. डावी टाच आधी वजन घेते. गुडघे लटलटतात, पण धरतात. धरतात, ताई.

दारात कुणी उभं असलं तर त्यानं धावत येऊ नये. हातातलं भांडं खाली ठेवून नुसतं उभं राहावं, आणि डोळे पुसायचे तर पदरानं गुपचूप पुसावेत.

उठल्यावर तिनं लगेच मारायला जाऊ नये. थोडा वेळ नुसती उभी राहू दे. त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

गेंड्याच्या गुडघ्याला शेक घ्यायला सांग.

तुझा,
बारक्या


९ मार्च

चि. बारक्या यास,
अनेक, अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी कुस्तीचं सांगते. हरले. तू म्हणालास तशी इस्त्रीवाली कुशीवर वळली, बसली, पडली, परत बसली, गार जमिनीवर पाय ठेवून उठली. गेंड्यानं कोपऱ्यातून उठून टाळ्या वाजवल्या. मग तू म्हणालास म्हणून ती नुसती उभी राहिली, मलाही तिला हलवावंसं वाटेना, आणि तेवढ्यात त्यानं धावत येऊन चीत केलं. पंचांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला, पण खाली लिहिलं की उठावं तर असं. गेंड्यानं वेगळ्या चिठ्ठीत विचारलंय, तुमच्या ओळखीत कुणी पाठीच्या दुखण्यातून उठलं आहे का. मी कळवलं, आहे.

आता तुझ्या पत्राचं. टपालवाल्यानं पाकीट काउंटरवर टाकलं आणि मी ते लगेच उघडलंच नाही. वरचा पत्ता पेन्सिलीनं नव्हे, निळ्या शाईत होता. सरळ, ठसठशीत, टेबलाशी बसून लिहिलेला. मी ओल्या टॉवेलांच्या गाठोड्यावर मटकन बसले आणि रडले. इतके दिवस धरून ठेवलं होतं ते सगळं गेलं. माझा जीव भांड्यात पडला रे बारक्या. इस्त्रीवाले काका परत पाण्याचा पेला घेऊन आले. कुणाचं काही बरंवाईट झालं का विचारायला लागले. मी सांगितलं, माझ्या भावाचं पत्र आलंय. ते म्हणाले, भावाचं पत्र आल्यावर कुणी असं रडतं का. आता त्यांना काय सांगणार?

आशीर्वाद वर भरपूर दिलेच आहेत. पेन्सिल तेवढी परत पाठव. इथं गाठोड्यांवर नंबर टाकायला लागते, आणि तुला आता तिचं काही काम नाही.

तुझी,
ताई