वहीतला हळद्या

गिरगाव, १९ ऑक्टोबर १९५७

ती. सौ. सुमतीताईस,
शशिकांतचा सा. न. वि. वि.

तीन आठवडे पत्र नाही, क्षमा कर. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. धीर नव्हता.

त्या रविवारी शीवच्या किल्ल्याखाली, झाडीच्या कडेला, आपण पाखरं बघायला बसलो होतो. तू शेंड्याकडे बोट करून म्हणालीस, हळद्या आला. दोघांनी पाहिल्याशिवाय वहीत नोंद नाही, हा पंधरा वर्षांचा नियम तुझाच. मीही पाहिला म्हणालो आणि सही केली.

ताई, ती समितीच्या सभेची पताका होती, उन्हानं पिवळी पडलेली. हळद्या पानांत लपतो. तुझा तासभर उघड्यावर डुलत होता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राला त्याचा पाठिंबा असेल, पण तो पक्षी नव्हे.

तुला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणालो की वाद टाळायला, हे मला अजून ठरवता येत नाही. तुझा मोतीबिंदू वाढलाय हे मात्र तेव्हाच कळलं. ऑपरेशनचं नाव काढलं की तू चहा टाकायला उठतेस, म्हणून लिहितोय.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा शशिकांत

शीव, २३ ऑक्टोबर

चि. शशिकांतास अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर लागत नाही असं सांगून पत्र मालनकडून, आमच्या सूनबाईंकडून, वाचून घेतलं. पताकेपाशी तिला हसू आवरेना. डोळ्यांपाशी आली तेव्हा भराभर वाचून टाकलं, मी पुन्हा वाचायला लावलं. हे पत्रही तीच लिहितेय, तेव्हा शुद्धलेखन पाहून चकित होऊ नकोस.

दोन दिवस रागावले. लहानपणी न केलेल्या चुका कबूल करायचास, आणि ही केलेली तीन आठवडे पोटात ठेवलीस!

खरं सांगू? भीती वाटते रे. बकुळावन्संना मोतीबिंदू काढल्यावर आठ दिवस डोकं हलवू दिलं नव्हतं, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डोळे बांधून मी काय करू? माझी अट ऐक. ते आठही दिवस सकाळी झाडीकडे जायचं आणि काय दिसलं ते मला येऊन सांगायचं. न दिसलेलं सांगायचं नाही. मालन सोबत असेल, तुझ्यावर लक्ष ठेवायला.

चहा टाकलाय, पण उठत नाही. येत जा.

तुझी ताई

गिरगाव, २५ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

अट मान्य. डॉक्टरांना भेटलो. सात नोव्हेंबर ठरली. उजव्या डोळ्याला नीट दिसेल म्हणाले. डाव्याचा भरवसा देत नाहीत. हे तुला कळवू नये असं जिना उतरताना वाटलं. खालच्या पायरीवर आलो तेव्हा लाज वाटली. म्हणून लिहिलं.

माझ्यावरची नजर अशीच राहू दे, एका डोळ्याची का होईना.

तुझा शशिकांत

ता. क. उद्या कचेरीत आठ दिवसांच्या रजेचा अर्ज देतोय.