बद्री साउंडकडून मेलोडिक मेटल

६ नोव्हेंबर २०२५
ठरलं. रोहिणीच्या बँडचा पहिला अल्बम माजलगावातच होणार, आपल्या दुकानामागच्या गोडाऊनमध्ये. पोरगी पुण्याला जायचं म्हणत होती. तिथल्या एका छोट्या कंपनीनं सांगितलंय, संक्रांतीपर्यंत रेकॉर्डिंग पाठवा, आवडलं तर काढू. मी म्हणालो, घरची बद्री साउंड सर्व्हिस असताना पुणं कावून? दोन दिवस विचार करून हो म्हणाली. अल्बम इथं झाला की पोरगी इथंच राहिली. हे तिला बोललेलो नाही.
संगीताचा प्रकार मेलोडिक डेथ मेटल. तीनपैकी पहिला शब्द चांगला आहे.

११ नोव्हेंबर
स्टुडिओ तयार. मांडवाच्या गाद्या भिंतींना ठोकल्या. उसाच्या फडातून उठून इथवर आलोय मी. लग्नात शेवटच्या रांगेत उभा राहून कुठल्या स्पीकरची कॉइल गेली ते सांगतो. असा कान पुण्यात कुणाला असेल तर दाखवा.
बँडचं नाव 'पाचट'. ऊस तोडून नेल्यावर फडात उरतं ते. मी 'बद्री मेलडीज' सुचवलं. गिटारवाला आदिनाथ म्हणाला, काका, विचार करतो.
दुपारी पहिलं गाणं. रोहिणीनं तोंड उघडलं आणि तिची आई उज्ज्वला चुलीपुढून तांब्या घेऊन पळत आली, पोरीला ठसका लागला म्हणून. ठसका नव्हता, ध्रुवपद होतं. पोटातून काढतात म्हणे तो आवाज. शब्द एक कळला नाही. ज्येष्ठमध आणून ठेवलाय. बीडच्या घशाच्या डॉक्टरकडं नंबरही लावलाय.

१८ नोव्हेंबर
गिटार फाटतेय हे पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. पोरं चहाला गेलती तेवढ्यात आदिनाथच्या पायाखालचा डबा खोलला, सोल्डरिंग केलं. आता सतारीसारखी वाजते. आदिनाथनं ऐकून गिटारच खाली ठेवली. भारावला असावा. ड्रमवाला पप्पू म्हणाला, काका, आवाज फाटावा म्हणूनच तो डबा आणला होता की हो.
आजपासून कशालाही हात लावायचा नाही. पक्कं.

१९ नोव्हेंबर
पप्पूच्या मोठ्या ढोलात कुणीतरी उशी कोंबलेली. काढली. एवढंच.

२० नोव्हेंबर
उशीही मुद्दाम होती.

५ डिसेंबर
कारखान्याचा हंगाम. गाणं रंगात आलं की रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर येतो, वर स्पीकर बोंबलत. आज रोहिणी वैतागून रस्त्यावरच गेली. दादा, आवाज कमी करा की. ड्रायव्हर म्हणाला, ताई, तुमच्या वडलानीच बसवलाय, कमी करायचं बटनच ठेवलं न्हाई. खरं आहे. ती माझी खासियत.
लई दिवसांनी पोरगी माझ्याकडं बघून हसली. राहणार ती.

२ जानेवारी
आठ गाणी पूर्ण. मिक्सिंग रोहिणीनंच केलं, मला फिरकू दिलं नाही. ती मामाकडं नांदूरघाटला गेलीय. पाठवायचं काम माझ्याकडं. जाताना म्हणाली, बाबा, फक्त पाठवा. मी म्हणालो, फक्तच.
पाठवायच्या आधी एकदा ऐकलं. सगळं आहे, पण नावच नाही! आपल्या भागात कुठलंही गाणं बनवणाऱ्याची आरोळी घातल्याशिवाय बाहेर पडत नाही. नाहीतर संध्याकाळी जालन्याचा कुणीतरी स्वतःचं म्हणून वाजवतो. पोरांना धंद्याचं एवढंही कळू नये? आधी वाघाची डरकाळी, मग घुमवून 'बद्री साउंड... माजलगाव!' प्रत्येक गाण्यात तीनदा. आठव्या गाण्याच्या मधोमध मिनिटभर काहीच वाजत नाही. भरायचं राहून गेलं असणार. तिथं डरकाळी जरा मोठी घेतली.
पाठवलं.

९ जानेवारी
कंपनीचा होकार येणारच, म्हणून फ्लेक्स करायला टाकला. रोहिणी हात जोडून, खाली मी. फ्लेक्सवाला गहिनीनाथ मजकूर वाचून टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, कधी गेली हो? म्हणून 'डेथ' गाळलं. 'बद्री साउंडकडून मेलोडिक मेटल' एवढंच ठेवून बसस्टँडजवळ लावला. दुपारपर्यंत दोघं जण सळईचा भाव विचारून गेले. प्रसिद्धी होतेय.

१३ जानेवारी
कंपनीचं उत्तर आलं. थट्टा करायला वेळ नाही, आमची यादी भरली, शुभेच्छा.
रोहिणीला काही कळेना. मी पाठवलेलं दुकानात बसून तिनं पहिल्यापासून ऐकलं. सगळं. मी समोरच होतो. आठव्या गाण्याला हेडफोन काढून ठेवला. म्हणाली, ते आजीचं गाणं होतं.
आजी म्हणजे माझी आई, भिवराबाई. जन्मभर ऊस तोडला. गाणंभर तिचंच नाव आहे म्हणे. ती मिनिटभर शांतता तिच्यासाठी ठेवलेली.
कुणी सांगितलं नाही मला. आणि त्या आवाजात नाव ओळखू तरी कसं येणार?
आता पोरगी ओरडणार म्हणून सावरून बसलो. एवढं पोट भरून ओरडता येतं तिला. पण ती काहीतरी हळूच बोलली. ऐकू आलं नाही. परत विचारायची हिंमत झाली नाही.

१५ जानेवारी
सकाळच्या एसटीनं पुण्याला गेली. आदिनाथ, पप्पूही गेले. उज्ज्वलानं तिळाचे लाडू दिले. मी फ्लेक्स उतरवायला गेलतो, त्यामुळं स्टँडवरच होतो, पण खांबावर.
आठ दिवसांत येईल. पुण्याचं पाणी सोसत नाही तिला. स्टुडिओ जसाच्या तसा ठेवायचा.

२२ फेब्रुवारी
लग्नसराई. गाद्या कमी पडल्या. एकाच भिंतीच्या काढल्या. पोरगी आली की परत ठोकता येतील.

१९ एप्रिल
उरलेल्या तीन भिंतींच्याही काढल्या. गोडाऊन घुमतंय. जुन्या कॉइली आत टाकल्या.

२४ मे
अल्बम आला. दुसऱ्याच कुठल्या कंपनीनं काढला, सगळं पुन्हा रेकॉर्ड करून. उज्ज्वलाच्या मोबाइलवर ऐकला. आवाज स्वच्छ आहे. म्हणजे फाटकाच, पण स्वच्छ फाटका. आठव्या गाण्यात आईचं नाव शोधत बसलो. चौथ्यांदा ऐकल्यावर सापडलं. मग ती शांतता आली. पूर्ण मिनिटभर. कुठं काही राहून गेलंय असं वाटलं नाही.
सांगायला पाहिजे पोरीला. काय सांगायचं ते मनात जुळवत होतो, तेवढ्यात तिचाच फोन आला, उज्ज्वलाला. बाबा हायत का, म्हणाली. मी हातानंच खूण केली, लग्नाला गेलेत म्हणून सांग. उज्ज्वलानं तसं सांगितलं.
पोरगी म्हणाली, अधिक महिना चालू हाय आई, लग्न कुणाचं?
उज्ज्वला माझ्याकडं बघायला लागली. कुणाचं ते मला सुचेना. पलीकडून फोन ठेवल्यावरही सुचलं नाही.