पश्चिमेला सरकवलेली कोर

तात्या,

काल दुपारी तुमची मुलगी माझ्या छापखान्यात आली आणि मी तिला ओळखलं नाही. साताऱ्यात माझा स्वतःचा छापखाना आहे, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. पायानं चालवायचं एक ट्रेडल यंत्र, चार माणसं, आणि अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या तुम्ही सांगलीच्या छापखान्यात लावायचात त्याच क्रमानं. ती औंधहून एस.टी.नं आली होती, डावा पाय किंचित ओढत. तिथं शाळेत मराठी शिकवते म्हणाली. शाळेच्या वार्षिक अंकासाठी तिनं लेख लिहिलाय, 'नव्या कवितेतला चंद्र'. माणूस चंद्रावर उतरल्यापासून जो तो चंद्रावरच लिहितोय. आमच्या ट्रेडलवाल्यानं मथळा वाचला आणि म्हणाला, "आवं बाई, आता संकष्टीला कुणाला बघून उपास सोडायचा? तितं माणसं बूट घालून फिरत्यात की!" ती हसली. मीही हसलो. त्यानंतर अजून हसलेलो नाही.

लेख मी तिच्यासमोरच वाचायला घेतला. तुम्ही म्हणायचात, "वाचायचं न्हाई रं, जुळवायचं. मजकूर दुसऱ्याचा, आपला फकस्त हात." एका लग्नपत्रिकेतला शब्द मी बदलला होता तेव्हा चार माणसांत तुम्ही मला हे सुनावलंत. पण मला वाचल्याशिवाय राहवत नाही, तेव्हाही राहवत नव्हतं. चौथीत शाळा सुटलेला मी, उलट्या खिळ्यांवरून सुलटं वाचायला शिकलो, आणि आज माझ्याकडून निघालेल्या पंचांगात कुणी एका पळाची चूक दाखवावी. तिनं लिहिलंय, जुने कवी चंद्राला मुखाशी जोडायचे. नवे कवी त्याला हवा तिथं टांगतात, कधी दवाखान्याच्या भिंतीवर, कधी गिरणीच्या धुराड्यावर. कारण चंद्र हे आता कल्पनेचंच दुसरं नाव आहे आणि कल्पना पंचांग बघून उगवत नाही. पंचांगाचं नाव आलं तशी माझी भुवई वर गेली. आणि खाली, उदाहरण म्हणून, तीन ओळी:

आज बीजेची कोर पूर्वेला उगवली,
तुझ्या उशाच्या खिडकीत.
दशी काढ, पोरी, उठू नकोस.

तात्या, या ओळी मला पाठ आहेत. फक्त माझ्या पाठांतरात 'पूर्वेला उगवली' नाही, 'पश्चिमेला दिसली' आहे. पुढचं वाक्य मी दोनदा वाचलं. 'ही कविता माझ्या वडिलांची. सांगलीच्या छापखान्यात ते जुळारी होते. दिवाळी अंकात ती निनावी छापली गेली, तेव्हा एका अज्ञात हातानं ही कोर पश्चिमेला सरकवली.' मी मान वर केली. समोर तुमचं नाक, तुमची हनुवटी. हातातला कागद गल्ल्यावर ठेवला आणि तिला सांगितलं, मी तुमच्याच हाताखाली शिकलो.

सांगलीतल्या त्या दुपारी आपण दिवाळी अंकाची शेवटची पानं जुळवतोय. पलीकडच्या टेबलावर नव्या पंचांगाची जुळवलेली पानं फर्म्यांत बांधून ठेवलीत, ती सगळी माझ्या हातची. तुम्ही माझ्यापुढं एक कागद ठेवता. "टपालानं आल्याय. लाव." अक्षर शाळकरी पोराचं वाटतं, खाली नाव नाही. मी वाचतो आणि मोठ्यानं म्हणतो, "ह्या कवीला एक पंचांग धाडा रं कुणीतरी! बीज पूर्वेला उगवती ती सकाळी, सूर्याच्या मागोमाग, ती कुणाच्या बापाला दिसत न्हाई. दिसती ती पश्चिमेला, दिवस बुडाल्यावर, दोन-तीन घटका." सगळा छापखाना हसतो. मी तुम्हाला न विचारता ओळ बदलून जुळवतो. मग प्रूफ तुमच्याकडं. तुम्ही प्रूफ वाचताना एक काना सुटला नाही कधी. त्या ओळीवर तुमची पेन्सिल थांबते.

"हे तू केलंस?"

"व्हय तात्या. चुकीचं होतं."

तुम्ही पेन्सिल उचलता. "बरोबर हाय तुजं," म्हणता आणि खाली सही करता. लग्नपत्रिकेसाठी शिव्या खाल्लेला मी, त्या दिवशी मात्र मला शाबासकी. दुसऱ्या दिवशी तर तुम्ही तुमची खिळे जुळवायची पितळी स्टिक माझ्या हातात ठेवलीत. "ठेव. तुजा हात चोख हाय." सतरा वर्षं मी ती स्टिक लोकांना दाखवतोय, तात्या. एका कवीला आभाळ शिकवलं त्याचं बक्षीस, म्हणून.

काल मुलगी सहज सांगत होती. पायाच्या दुखण्यानं ती लहानपणी वर्षभर खाटेवर होती. घरात पोर आजारी आहे हे मला ठाऊक होतं. तुम्ही दुपारनंतर रजा मागायचात तेव्हा तुमचं काम मीच ओढायचो. बीजेला बाकीची पोरं अंगणात जायची, आपल्या कपड्याची एक दशी ओढून चंद्राकडं टाकायची आणि ओरडायची, "जुनं घे, नवं दे!" हिच्या खिडकीतून पूर्वच दिसायची. ही रडायची. "आमचं जुनं कोण घेणार, म्हणून," ती म्हणाली. मग आबांनी, ती तुम्हाला आबा म्हणते, चंद्र तिच्या खिडकीत आणला. कविता त्यांनी सांगितली, कागदावर तिनं उतरवली. शाळकरी अक्षर तिचंच होतं.

"अंक आला तेव्हा मी विचारलं, आबा, चंद्र तिकडं का गेला? मला इथनं दिसत नाही. तर म्हणाले, छापखान्यात गेला की चंद्रबी शहाणा होतो गं." ती हसली, अगदी मोकळं. "पुन्हा कविता काही लिहिली नाही त्यांनी. काका, तुम्ही त्यांच्याच हाताखाली होता ना? ती ओळ कुणी बदलली, आठवतं?"

"न्हाई बा," मी म्हणालो. "लय वर्षं झाली."

मी. ज्याला पंधरा वर्षांपूर्वीच्या फर्म्यातली तिथी आठवते.

तुम्ही बोलला का नाहीत? मूळ कागद पुढं करून "पुन्हा लाव" एवढं म्हणायचं होतं. पण मी सगळ्यांना हसवून ठेवलं होतं. ती कविता तुमची, हे त्या हसण्यात कोण सांगेल? आणि स्टिक का दिलीत? काल दुपारपासून मी त्या स्टिककडं बघतोय. राग होता, का मला माफ केलंत, का आता तुमचं जुळवणंच संपलं होतं? मला वाटायचं, माणूस बघितला की त्याचं माप मला कळतं. तुमच्या शेजारी सहा वर्षं उभा राहिलो आणि तुम्ही कवी होता हे मला कळलं नाही.

आज रविवार, छापखाना बंद. सकाळी एकटाच आलो आणि तिचा लेख जुळवला, तुमच्याच स्टिकमध्ये. 'पूर्वेला उगवली' जसंच्या तसं. मग 'एका अज्ञात हातानं' आलं. तिथं थांबलो, 'एका अज्ञात' काढलं आणि त्या जागी माझं नाव आडनावासकट बसवलं. दुसऱ्याच्या मजकुरात हात घालायची माझी ही तिसरी खेप. प्रूफ काढलंय, शाई अजून ओली आहे. उद्या सकाळच्या एस.टी.नं ती वाचायला येईल. तुमची मुलगी आहे, तिच्या नजरेतून सुटायचं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मलाही कळतं. पण एक तिलाही सांगणार नाही, तुम्हालाच सांगतो. त्या दिवशी एवढ्या ऐटीत सांगितलेली ती बीज मी पंचांगाच्या रकान्यात वाचली होती. आभाळात ती मी कधी पाहिलेली नव्हती, तात्या. अजूनही नाही.