आजोबांच्या पेल्यात सातूचा चहा

योंग्जू, सफरचंदाची तोडणी आटोपल्यावर

सौ. ओक्सुनताईस धाकट्या दोंगह्योकचा वाकून नमस्कार. भाऊजींचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे सुखरूप आहेत, फक्त मी अधूनमधून आडवा होत होतो, त्याचीच ही हकिगत.

दोन महिन्यांपूर्वी काकांकडे आजी-आजोबांचं श्राद्ध झालं. आजीच्या पेल्यात दारू आणि आजोबांच्या पेल्यात सातूचा चहा, हा तिचाच हुकूम आपण चाळीस वर्षं पाळतोय (जन्मभर झिंगत चालले, आता तरी शुद्धीत जेवू देत, असं म्हणायची). यंदा मी पेला उचलला आणि जमीनच फिरली. चहा काकांच्या डोक्यावरच्या, घोड्याच्या केसांनी विणलेल्या श्राद्धाच्या टोपीवर, मी माशांच्या ताटात. काकांनी माझं तोंड हुंगलं. वास माशाचा आला, तरी मी ट्रॅक्टर घेऊन आलोय म्हणून त्यांनी हवालदाराला बोलावलं. त्याने यंत्रात तीनदा फुंकायला लावलं. तिन्ही वेळा शून्य. यंत्रच बिघडलं असेल म्हणून त्याने स्वतः फुंकलं, तर भला मोठा आकडा आला (आल्या आल्या आजीच्या पेल्यातला प्रसाद घेतला होता). मग त्याने चौकशी आटोपती घेतली.

शेवटी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. मेंदूच्या मागच्या बाजूला तोल सांभाळणारा लहान मेंदू असतो म्हणे. त्याच्या पेशींत कॅल्शियम आत घ्यायला दारं असतात, आणि ती दारं घडवणारं जनुकच माझ्यात बिघडलेलं निघालं. त्यामुळे मधूनच तासन्तास झोकांड्या जातात, जीभ जड होते. मी आजोबांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांचं रक्त माझ्याकडे नाही. पण एक थेंब न पिताही माणूस असा चालू शकतो." ताई, मी तिथेच ढसाढसा रडलो. आता रोज गोळ्या घेतो. त्यानंतर एकदाच पडलो, तोही शेणावरून घसरून.

तुझा,
दोंगह्योक

ता. क. काल आजोबांच्या थडग्यावर अख्खी बाटली ओतून माफी मागितली. परतताना शेजारचे म्हातारे बोंगसूक भेटले. म्हणाले, "बरं केलंस. तसा तो प्यायचाही हो."

आणखी एक ता. क. पत्राचं खरं कारण हे. असं जनुक असलेला माणूस कधीकधी आयुष्यभर ठणठणीत राहतो आणि मुलांना ते देऊन बसतो. तू कधी डगमगली नाहीस, उलट आम्हा सगळ्यांना सरळ केलंस. पण दोन वर्षांपूर्वी पोटच्या गीजूनला दारुडा म्हणून घराबाहेर काढलंस, तेव्हा तो शपथा घेत होता. त्याचं तोंड हुंगलं होतंस का? तो माझ्याच बागेत आहे. त्याचंही रक्त तपासलं, तेच निघालं. रविवारी दुपारी त्याला घेऊन येतोय. पायरीवर डगमगला, तर आधी हात धर. रागवायचं ते मागाहून.