दर्शनाआधीचा भात

चांदा. चैत्र, मंगळवार संध्याकाळ.

महाकालीच्या यात्रेमुळे धर्मशाळा भरलेल्या. दवाखान्याजवळ परवडेल अशी ही एकच खोली मिळाली, सकाळचा फोडणीचा भात धरून. पण बायकोच्या डोळ्यांवरची पट्टी सुटेपर्यंत दर्शनाआधी अन्न घेणार नाही, असा माझा नवस. आणि घरमालकीण पहाटेच भात वाढते. आज म्हणाली, "भाऊ, माह्या घरून उपाशी कोणी जात नाई. खायचं नसन तं दुसरी जागा पाहा!"

नवस मोडू की खोली सोडू? दोन्ही बायकोसाठीच. शेवटी दवाखान्यात तिलाच विचारले. ती हसली. "देवी काय त्या बाईच्या चुलीपाशी येत नाई? खा जी."

इतके सोपे असते? उद्या आधी भाताला हात जोडीन, मग खाईन. तेवढे दर्शन धरशील ना, आई?