निवडून टाकलेली कालवं

९ मार्च, सोमवार

सगळ्यात आधी कोण टपकली असेल? रेडिओ! पाहुण्यांची गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच शेजारीणबाई आमच्या उंबऱ्यात हजर – हातात रिकामी वाटी. "थोडी साखर आहे का हो?" म्हणे. कालच पिशवी भरून साखर नेताना मी तिला पाहिली होती! पण तिचा स्वभावच तसा, पोटात काही राहत नाही आणि बाहेरचं पोटात घेतल्याशिवाय चैन पडत नाही. उगीच नाही आम्ही तिला रेडिओ म्हणत. वाटी भरून दिली, खुर्चीही दिली. बघ बाई, डोळे भरून बघ.

मग पाहुणे. पुढे माझी नात चिमणी – केसांत वाळू, पायांत रबरी बूट. कमावती झाली तरी ध्यान तेच! मागे तिच्या मोठ्या बाई, डॉक्टरीणबाई. माणसांच्या डॉक्टर नव्हेत, कालवांच्या! हो हो, खडकाला चिकटलेली असतात ती शिंपल्यांतली कालवं. रेडिओने लगेच विचारलं, "कालवांना ताप येतो का हो?" बाई हसल्या नाहीत. "साथ येते," म्हणाल्या. "आली की टाकीच्या टाकी मरते." शेवटी त्यांच्याबरोबर काम करणारे एक गृहस्थ, ताडासारखे उंच आणि टकलू. मागच्या खोलीची चौकट त्यांनी आल्या आल्या कपाळाने मोजली. मी मनात त्यांचं नाव उंट ठेवलंय. मनातच!

त्यांच्या कालवांच्या टाक्यांसाठी समुद्राचं पाणी ओढणारा पंप बंद पडलाय. आणि आमच्या मागच्या दाराच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. चिमणी म्हणाली, "आजीकडे ठेवू या टब." झालं! माझी मागची खोली, जिथे मोडक्या खुर्च्या आणि ह्यांचं जुनं जाळं पडलेलं, ती आता दवाखाना. की बाळंतिणीची खोली म्हणू?

पायऱ्यांवरून आठवलं. त्या पायऱ्या ह्यांनी स्वतः दगड रचून बांधलेल्या. आता पार खिळखिळ्या झाल्यात, फटीच फटी. मी दोनदा आपटले. पुढच्या सोमवारी गवंडी येतोय, सगळ्या फटी सिमेंटने बुजवणार. मुलाच्या किती वर्षं मागे लागले होते! एकदाचा मुहूर्त लागला. यंदा माझं नशीब जोरावर दिसतंय.

१० मार्च, मंगळवार

आज सगळं समजून घेतलं. मी काय, चार बुकं शिकलेली. पण बाई छान सांगतात, भाव खात नाहीत.

म्हणाल्या, "आजी, समजा या गल्लीतल्या सगळ्या घरांना एकाच किल्लीचं कुलूप आहे. चोराला एक किल्ली मिळाली तर?"

"सगळी गल्ली धुऊन नेईल!"

"तसंच झालं. आम्ही मोठी, देखणी कालवं निवडली, त्यांचीच पिल्लं वाढवली. हजारो झाली. सगळी एकाच घरची, एकाच कुलपाची. साथीला किल्ली सापडली आणि आठवड्यात सगळं संपलं."

माझ्या अंगावर काटाच आला. म्हणून आता त्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवरची कालवं गोळा करताहेत. प्रत्येक किनाऱ्याचं कुलूप वेगळं. सगळ्यांत वेगळं म्हणजे समोरच्या बेटावरचं. तिथली कालवं जुन्या वाणाची, साथीत तगलेली. पण बेटावर नवा धक्का बांधताहेत आणि खडक गाळाखाली गेलाय. एक होडीवाला बुडी मारून उरलीसुरली काढून आणणार आहे. तेवढी गेली की तो वाण जगातून गेला.

बाई हे सांगताना चहा प्यायला विसरल्या. मी दुसरा करून दिला.

आणि ऐका! म्हणजे कोण ऐकणार, कागदच! कालव आधी बाप असतं आणि पुढे आई होतं! एकच कालव! चिमणीने सांगितलं तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले. रेडिओ म्हणाली, "आमच्या ह्यांना एक बाळंतपण काढायला लावायला हवं होतं." उंट बिचारे खोलीबाहेर गेले. जाताना पुन्हा चौकट.

पिल्लं म्हणे आधी पाण्यात पोहत हिंडतात. मग जागा पसंत पडली की चिकटतात – की संपलं, जन्मभर हलायचं नाव नाही. मी म्हटलं, "अगदी माझ्यासारखं. या घरात आले ती आले."

११ मार्च, बुधवार

आजचं आधी लिहिते. लिहिल्याशिवाय जेवण जाणार नाही.

सकाळी पाहुणे दुसऱ्या किनाऱ्यावर गेले. जाताना बाई म्हणाल्या, "आजी, होडीवाला पेटी आणून देईल. ओल्या फडक्याखाली ठेवा, बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका! हे मला सांगायचं म्हणजे...

दुपारी पेटी आली. होडीवाला म्हणाला, "वर छान छान ठेवलीत हो काकू." उघडली तर खरंच, वर मोठी, गोरी, बशीसारखी कालवं. आणि खाली? शी! काळपट, आखूड, कडा मुरगळलेल्या, एकाचं तोंड इकडे तर एकाचं तिकडे. मला वाटलं, हा बाजारात भाजीवाले करतात तीच लबाडी करून गेला, वर ताजी आणि खाली सडकी. पाहुण्यांपुढे हे ठेवायचं? आमच्या घरातून?

घेतलं मोठं ताट मांडीवर आणि बसले निवडत. आयुष्यभर तेच केलंय. धान्य येऊ दे नाहीतर भाजी, निवडल्याशिवाय आमच्या चुलीवर काही चढलं नाही. देखणी एकीकडे, वाकडी एकीकडे. देखणी धुऊन, पुसून, ओल्या फडक्यावर मांडली. काय शोभा आली म्हणून सांगू! वाकडी टोपलीभर निघाली. जीव आहे, कचऱ्यात कशी टाकू? मागच्या पायऱ्यांवरून पाण्यात सोडून दिली. म्हटलं, जा बाबांनो, सुखी राहा.

संध्याकाळी पाहुणे आले. मी दारातच सांगितलं, "पेटी आली, मी सगळी निवडून ठेवली!"

चिमणीचा चेहरा उतरला. "निवडून म्हणजे काय आजी?"

सांगितलं. बाई खुर्चीवर बसल्या, बसल्या म्हणजे कोसळल्याच. मग हळू म्हणाल्या, "देखणी आमच्याकडे ढिगाने आहेत, आजी. बेटावरची ती वाकडीच होती."

बाईंनी बघताच ओळखलं – होडीवाल्याने वर ठेवलेली ती इकडच्याच किनाऱ्यावरून उचलली होती! पेटी चांगली दिसावी म्हणून! म्हणजे तोही माझ्याच माळेचा मणी.

भरती होती. पायऱ्या पाण्यात. सकाळपर्यंत काही करता येणार नाही. बाई एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. दोन बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग स्वतःशीच म्हणाल्या, "आम्ही तरी दुसरं काय केलं? देखणी निवडली."

रेडिओ कुंपणावरून डोकावली. आज तिला साखर दिली नाही.

१२ मार्च, गुरुवार

सापडली! सापडली! सापडली!

आता नीट लिहिते.

पाणी उतरायला लागलं तशी मी साडी खोचून पहिल्या पायरीवर. चिमणी ओरडली, "आजी, पडशील!" मी म्हटलं, "टाकली मी, उचलणारही मीच." उंटांनी माझा दंड धरला. एवढा उंच माणूस किती कामाचा असतो बघा – खांबच! मी त्यांना धरून खाली वाकायची आणि ते आभाळाकडे बघत उभे.

पहिलं कालव तिसऱ्या पायरीखाली. काळं, मुरगळलेलं, तोंड घट्ट मिटलेलं. रागावलं होतं माझ्यावर. बाईंनी हातात घेतलं, कानाजवळ नेलं, दोन नखांनी टिचकी मारली. "जिवंत आहे!" बाईंना मी पहिल्यांदाच मोठ्याने ओरडताना ऐकलं.

मग काय! वाळूत एक, शेवाळात दोन. रेडिओही उतरली, चपलांसकट. बोलता बोलता शोधते ती, पण नजर घारीची! एकटीने ओंजळभर काढली. टोपली भरत आली. मी तर नाचायचीच बाकी होते. पायरी धड असती तर नाचलेही असते.

आणि मग एक गंमत. टोपली भरली, मी टाकली होती तेवढी झाली. म्हटलं, झालं बाई, देव पावला. तेवढ्यात रेडिओ म्हणते, "अहो, इथे फटीत अजून आहेत की!" चिमणीने बॅटरी मारली. ह्यांनी रचलेल्या दगडांच्या आत, खोल – काळी, वाकडी, एकाला एक लागून. अजून! आणि त्यांच्यामागे अजून!

रेडिओ म्हणाली, "एका रात्रीत लेकुरवाळी झाली वाटतं!"

चिमणी म्हणाली, "आजी, तू नक्की किती टाकली होतीस?"

"टोपलीभर गं."

"तुझ्या हिशोबाचं मला माहितीये. चौघांसाठी म्हणून दहा जणांचा स्वयंपाक करतेस."

सगळे हसले. बाईसुद्धा! पण हसता हसता एकदम फटीपाशी वाकल्या आणि आत बघत राहिल्या. तोवर पाणी चढलं. फटीतली तशीच राहिली. उद्या ओहोटीला काढू म्हणाल्या. लाटांनी आत ढकलून अडकवली असतील, असं उंटांचं म्हणणं.

टोपलीतली टबात सोडली. संध्याकाळी एकाने तोंड उघडलं – दोऱ्याएवढं. चिमणी आणि मी गालाला गाल लावून बघत बसलो. मी त्याला हळूच म्हटलं, "माफ कर रे बाबा. की बाई म्हणू? यंदा तू कोण आहेस कोण जाणे!"

रेडिओला दोन वाट्या साखर दिली.

१३ मार्च, शुक्रवार

फटीतली कालवं निघत नाहीत.

उंटांनी ओढून पाहिलं, बाईंनी सुरीचं टोक घालून पाहिलं. जागची हलत नाहीत. बाई मटकन ओल्या पायरीवर बसल्या, माझा हात धरला. म्हणाल्या, "आजी, ही तुम्ही टाकलेली नाहीत. ही चिकटलेली आहेत. एकावर एक – किती पिढ्या इथे नांदताहेत!" आणि रडायला लागल्या. हसत हसत.

म्हणजे मी त्या पायऱ्यांवर कपडे आपटत होते, गवंड्यासाठी मुलाशी भांडत होते आणि ही खाली संसार थाटून बसलेली! ह्यांनी दगड रचले होते, त्यांना तरी काय ठाऊक.

बेटावरचाच वाण की आणखी तिसराच, ते तपासल्याशिवाय कळायचं नाही. कडेचं एक छोटंसं कसंबसं सुटलं, तेवढं सोबत नेलंय. बेटाचाच निघाला तर तो अजून समुद्रात जिता आहे. तिसरा निघाला तर, बाई म्हणाल्या, "एक नवीन कुलूप!"

मुलाला फोन केला. "सोमवारी गवंडी नको."

"आई! परत आपटशील!"

"आपटेन. सिमेंट पडता कामा नये."

पाहुणे बुधवारी सकाळच्या ओहोटीला परत येतो म्हणालेत. तोवर मागच्या दारात खुर्ची टाकून मी पहाऱ्याला बसलेय.