मोज्यासकट शिवलेला कोट

ती. अक्कास,

धाकट्याचा लांबूनच नमस्कार (वाकलो तर उठवायला माणूस लागतो). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला, आणि तो ऐकून भुंकणारा कुत्रा, दोघेही बरे असतील. अक्षर वाकडं दिसलं तर रागावू नकोस. पेन बोटांत आहे की पडलं, हे मधून मधून बघावं लागतं.

झालं काय, वकिलांच्या कोटाची खालची पट्टी नेहमीसारखा मांडी घालून, पायावर कोट पसरून हातशिलाईने टाचत होतो. ते न्यायला आले, मी उठलो, तर कोट माझ्या पायाबरोबर निघाला! मोज्यासकट शिवला होता. वकील हसले, मीही हसलो. मग मोजा काढला तर अंगठ्याला रक्त. सुई पायात शिरली आणि मला पत्ताच नाही! अक्का, मला तर नवलच वाटलं. (भीती नंतर वाटली.)

तेव्हापासून कारण शोधतोय. तुझी भावजय म्हणते, जन्मभर मांडी घालून बसलं की पाय रुसणारच. म्हणून स्टुलावर बसलो. कंबर रुसली, पाय तसेच. इस्त्रीवाला म्हणाला, मानेत शीर दबलीय. उशी काढली, मान अवघडली. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, बी-ट्वेल्व्ह कमी. (त्यांच्या मते केस गळतात तेही त्यानंच आणि सून उलट बोलते तेही त्यानंच.) शेवटी घरीच परीक्षा घेतली. मी डोळे मिटायचे, हिने सुईच्या मागच्या टोकाने पायाचं बोट टोचायचं, मी ओळखायचं. मी ऐटीत म्हटलं, करंगळी! ती म्हणाली, अहो, मी अजून सुई शोधतेय.

डॉक्टरीणबाईंनी मनगटावर टिचक्या मारल्या, तळव्याला कापूस लावला. म्हणाल्या, बी-ट्वेल्व्ह असेल, थायरॉइड असेल, मनगटात दबलेली शीरही असेल. पण आधी रक्तातली साखर बघू. तेव्हापासून कात्री धरली की हात थबकतो. बोटंच गेली तर शिंप्याने करायचं काय गं?

भावजींना नमस्कार, कुत्र्याला बिस्कीट.

तुझा,
धाकटा

ता.क. रक्त अजून दिलेलं नाही. सुई माझ्या हातात असली तर ठीक. दुसऱ्याच्या हातात दिसली की घाम फुटतो. हसू नकोस. लहानपणी टोचायला नेलं की तूच हात धरून बसायचीस. येशील का?

ता.क. आणखी एक. आलीस तर डावा हात धर. उजव्याला तू धरलायस हे कळायचं नाही.